टपावर एकही ओरखडा नाही

मुकेश : छी! उन्हात काळी गाडी चमकते म्हणता ना, मयंकभाऊ? मंग या बत्तीखाली पाहा. बोनेटच्या कडेकडेनं जाळीच जाळी, कोळ्यानं विणल्यावानी. आठ महिन्यांच्या गाडीची ही दशा? मले तर हात लावायचीबी किळस येऊन राह्यली.

मयंक : मलाही आली, म्हणून तर काल चंपतला हाकललं. ड्रायव्हर म्हणे! त्याचा फडका पाहायला पाहिजे होता तू. त्यानंच गाडी पुसायची, त्यानंच मानेचा घाम पुसायचा. आमच्या दुकानासमोर, गिऱ्हाइकांदेखत तोंडावर फेकला त्याच्या.

पूनमचंद : मयंक, ते... म्हणजे, इथं कशाला ते?

मयंक : दादाजी, तुम्ही बसा खुर्चीवर. वाशीमपासून इथं शेलूबाजारपर्यंत तुमचं हेच चाललंय. मुकेश, लाव यार पॉलिशचं मशीन. संध्याकाळपर्यंत सगळे ओरखडे गेले पाहिजेत.

मुकेश : थांबा ना जरा. हे ओल्या फडक्याचं काम नाही. कोरडी धूळ अंगावर, अन् वरून गोल-गोल रगडलं कोणीतरी. रोज. चंपतभाऊ कसे धुवत होते?

मयंक : बादल्यांवर बादल्या ओतायचा. अर्धा रस्ता ओला.

मुकेश : मंग त्याचे नाहीत हे. अन् टप पाहा, बत्ती वर घेतो. एकबी ओरखडा नाही. बोनेटचा मधला भागबी कोरा.

मयंक : त्याचं काय?

मुकेश : चंपतभाऊ हवा भरायले येते तवा टपावर कोपर टेकवून बोलते माह्याशी. त्याचा हात पोचत नाही काय तिथं? हा पुसणारा बुटका हाय कोणीतरी.

(पूनमचंद खुर्चीवरून उठून गाडीपाशी येतात. टप त्यांच्या डोक्याच्याही वर आहे.)

पूनमचंद : मुकेशभाऊ, कापड स्वच्छ असलं तरी होतं का असं? म्हणजे, पाणी गाळायचं गळणं असलं तर? जुनं, पण रोज धुतलेलं.

मुकेश : काकाजी, गळणं घ्या नाहीतर रेशीम घ्या. खाली वाळूचा कण असला की घासतेच ते.

पूनमचंद : मला वाटलं, घरात त्याहून निर्मळ कापड नाही. सकाळी तुम्ही उठायच्या आधी मी जातो. गाडीवर मुंग्या असतात, त्यांना पूंजणीच्या मऊ लोकरी झुपक्यानं हलकेच खाली उतरवतो आणि मग पुसतो. चंपत इतकं पाणी सांडतो, त्यात किती जीव जात असतील. कोरडं पुसलेलं बरं, असं आपलं मला वाटलं.

मयंक : तुम्ही? मग काल बोलला का नाहीत?

पूनमचंद : आत गादीवर होतो. हातात पोथी होती. तू ओरडत होतास आणि मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. आपल्याला कुठं खात्री आहे, असं स्वतःला सांगितलं. खात्री होती, मयंक. शिसारी येते मला माझी.

मयंक : पण त्यानं तरी तोंड उघडायचं!

पूनमचंद : रोज पाहिलंय त्यानं मला. माझं होईपर्यंत बादली घेऊन बाजूला उभा राहायचा. काल फडका तोंडावर बसल्यावर त्यानं आत माझ्याकडं पाहिलं. मग तो फडका उचलला, घडी केली आणि गेला.

मुकेश : अन् तुमी मले त्या फडक्याची किळस सांगून राह्यले, मयंकभाऊ.

मयंक : तू मशीनचं बघ! दादाजी, बोलावू त्याला पुढच्या महिन्यात. काही नाही होत. आधी गाडी तर नीट होऊ द्या.

पूनमचंद : मुकेशभाऊ, ती बत्ती बंद करा. मशीन लावू नका. मयंक, गाडी अशीच कामरगावला घे.

मयंक : त्याच्या घरी? आत्ता? फोन करतो ना त्याला, येईल धावत.

पूनमचंद : म्हणूनच फोन नको. आणि त्याच्या दारात हॉर्न वाजवू नकोस. मी उतरून हाक मारीन.