ताईच्या पालथ्या चपलेबाबत

मी, गल्लीत ‘धाकटी’ या नावाने ओळखली जाणारी, वय अठ्ठावन्न, धंदा शिवणकाम, राहणार बेकरीच्या वरचा मजला, डावीकडची खोली, आज ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझी थोरली बहीण हरवल्याची खबर सकाळी मीच दिली होती. बहीण सापडली असून तिचा आवाजही शाबूत आहे, म्हणून हा जबाब देत आहे.

ताई निवृत्त नर्स असून उजवीकडच्या खोलीत राहते. मध्ये एकच भिंत आहे. गेल्या वर्षीच्या वादळापासून आमचा अबोला आहे. कारण एक कवडी. ती मी आधी पाहिली आणि ताईने आधी उचलली. इथपर्यंत दोघींचे एकमत आहे, भांडण पुढचे आहे. अगदीच गरज पडली तर आम्ही बेकरीवाल्यामार्फत निरोप देतो. तो कंटाळला आहे.

वादळानंतर भरतीच्या रेषेवर शेवाळ आणि शिंपल्यांचे ढीग लागतात. ढीग ज्याला आधी दिसेल त्याने त्यावर आपली एक चप्पल पालथी ठेवायची आणि खुशाल उरलेला किनारा बघून यायचे, अशी आम्हा वेचणाऱ्यांची रीत आहे. पालथ्या चपलेच्या ढिगाला कोणी हात लावत नाही. हे हवालदारांना मी सकाळीच समजावले होते, पण त्यांना ते पटलेले दिसले नाही.

आज उजाडल्यावर मी किनाऱ्यावर गेले. खडकांच्या अलीकडे मोठा ढीग होता आणि त्यावर ताईची चप्पल होती. तिचा तुटलेला पट्टा मीच निळ्या दोऱ्याने शिवून दिला होता, अबोल्याच्या आधी. ढिगात वरच एक गुलाबी शंख होता, अख्खा, टोकसुद्धा न मोडलेला. हात पाठीमागे धरून, वाकून मी तो सर्व बाजूंनी पाहिला. पाहायला मनाई नाही.

मग भरती सुरू झाली तरी ताईचा पत्ता नव्हता. स्वतःच्या लग्नाच्या सकाळी ही बाई ओल्या पायांनी, ओच्यात शिंपले घेऊन घरी आली होती. असा शंख ती समुद्राला परत देणार नाही. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणाऱ्या एकाच्या फोनवरून मी ठाण्याला कळवले.

हवालदार आले. म्हणाले, “बाई, एका चपलेवरून माणूस बुडाला असं कसं म्हणता?”

मी म्हणाले, “तुम्हाला ती चप्पल दिसतेय. मला माझी बहीण दिसत नाहीये.”

मी ताईला हाका मारू लागले. पाणी ढिगाला लागले, चप्पल तरंगू लागली. मला पोहता येत नाही आणि घोट्याच्या वर पाण्यात मी कधी जात नाही. ताई गेली असे वाटून मी पाण्यात शिरले. कंबरेपर्यंत पोचले असताना ताई पालथ्या होडीआडून एका पायात चप्पल घालून धावत आली आणि दंडाला धरून मला बाहेर ओढले.

“अक्कल गहाण टाकलीस का? पोहता येतं का तुला?”

“तू कुठे होतीस?”

“होडीमागे.”

“सकाळपासून?”

“शंख उचलतेस का ते बघत होते.”

“मग?”

“नाही उचललास,” ताई म्हणाली. तिची निराशा झालेली दिसली.

एवढ्या हाका मारल्या तेव्हा पुढे का आला नाहीत, असे हवालदारांनी तिला दरडावून विचारले. ताई म्हणाली, “वर्षानं मारत होती हो. जरा ऐकत बसले.”

ढीग शंखासकट वाहून गेला. त्याबाबत माझा कोणावर संशय नाही. पोलिसांना नाहक धावपळ करायला लावल्याबद्दल ताईवर कारवाई करू नये. तिला जे ऐकवायचे ते मी घरी ऐकवणार आहे.

एवढेच मला सांगायचे होते. लिहिलेले सर्व हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवले, ते मी बोलले तसेच आहे. ताई शेजारी बसून होती. ‘ताई गेली असे वाटून मी पाण्यात शिरले’ हे वाक्य तिने त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावले.