टीव्हीतली पन्नी

पन्नी नव्हती हो ती! आता आमच्या सगळ्या विजय नगर कॉलनीला माहीत झालं, काल तर दूधवालाही विचारून राहिला, "अंकल, टीवी में से क्या निकाल दिया आपने?" म्हटलं, बाबा रे, तू दूध मोज! तुम्हाला सांगतो, थकलो मी. तीस वर्षं फॅक्टरीत तपासणीला होतो, तोफेचा पुर्जा हातात घेतला की केसाएवढी खोट दिसायची मला, आणि रिटायर झाल्यावर घरच्याच टीव्हीनं माझी अशी... जाऊ द्या.

माझी आई, मालनबाई. वय शहाऐंशी. कान गेले, गुडघे गेले, राहिले फक्त डोळे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला, दीक्षाभूमीवर जाणार म्हणजे जाणार. गावाबाहेरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की बसमध्येच हिचं "जय भीम" सुरू! यंदा डॉक्टर म्हणाला, प्रवास बंद. दोन दिवस जेवली नाही हो. मग मीच म्हटलं, आई, टीव्हीवर दाखवतात ना, समोर बसून बघ. कार्यक्रमाआधीची तयारी दाखवून राहिले होते, तीच बघायला बसली. म्हणते, "काहून रे शशी, तिथं सांज झाली का? मले अंधारच दिसून राहिला." टीव्ही जुना, उजेड मंदावलेला. आता जी बाई बारा महिने त्या एका दिवसाची वाट बघते, तिला काय अंधार दाखवू?

बरं, मेकॅनिकला बोलवायचं की नाही? बोलवायचं! पण फॅक्टरीचा माणूस मेकॅनिकला बोलवत नाही, तो पेचकस शोधतो. टीव्ही पालथा घातला, मागचे स्क्रू खोलून झाकण काढलं, काच अलगद बाजूला केली, आणि आत काय? पन्नी! एक नाही, तीन! एक दुधाळ, दोन चकचकीत, बोट फिरवलं तर बारीक बारीक रेघा. आता माझी चूक काय, तुम्हीच सांगा! आमच्या घरात सोफा प्लास्टिकच्या पन्नीत, रिमोट पन्नीत, फ्रिजच्या दारावर अजून दुकानातली पन्नी... आमची मंडळी हेमलता काढूच देत नाही, "राहू द्या ना जी, नवीन दिसते!" बावीस वर्षं भांडून राहिलो मी त्या पन्नीशी. म्हटलं, घ्या, कंपनीवालेही हिचेच भाऊ, पॅकिंग आतच विसरले! तीन-तीन पांघरुणं घेतल्यावर उजेड येईल कुठून? ओढल्या तिन्ही! काय समाधान वाटलं, काय सांगू...

टीव्ही लावला. मागचे दिवे ठिपक्यांसारखे चमकून राहिले, आणि बाकी सगळं काळं. आधी सांज होती, आता अमावस्या!

मग आले दयाराम भैया, टीव्हीच्या दुकानातले. आत पाहिलं अन् डोक्याला हात लावला. "अंकल, वो पन्नी नहीं थी! फिल्म थी फिल्म! लाइट तो चारों तरफ भागती है. दूधवाली उसको फैलाती है, और धारीवाली दोनों उसको पकड़-पकड़ के सीधा सामने भेजती हैं, एक की धारी आड़ी, दूसरी की खड़ी!" म्हणजे बघा, दिवे तेवढेच, उजेड तेवढाच, फक्त इकडेतिकडे वाया जाणारा गोळा करून आपल्या डोळ्यांकडे वळवायचा! काय डोकं लावलं असेल हो कोणी! मी हळूच विचारलं, भैया, फिर पहले अँधेरा काहे था? म्हणे, "धूल थी, अंकल. पोंछ देते." पोंछ देते!

"तीनों ले आइए." आणा म्हणे! अन् कार्यक्रम उद्या! हेमलता कधी काही फेकते का? "एवढी चांगली पन्नी कोणी फेकते का जी?" पन्नी नव्हती हो ती! एक बाथरूमच्या खिडकीला चिकटवलेली. दुसरी आईच्या गादीखाली, ओल लागू नये म्हणून. भरदुपारी म्हातारीला उठवलं, तर डोळे चोळत म्हणते, "काहून उठवता रे? निघालो का नागपूरला?" म्हटलं, आई, थोडं थांब.

आणि तिसरी, दुधाळ, जेवणाच्या टेबलावर. तिच्यावर वरण सांडलेलं! तळहाताएवढा पिवळा डाग. साबण लावला, लिंबू लावलं, हळद ती, जाते का? दयाराम म्हणाला, नवीन फिल्म दिल्लीहून येईल, हफ्ताभर लागेल. मग काय, तीच बसवली.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला. लख्ख! लाखो माणसं, पांढरी लुगडी, पांढरा घुमट... आणि घुमटावर तो पिवळा डाग! मला तर दुसरं काही दिसेचना, तीस वर्षांची सवय, नजर खोटीवरच जाते. आई मात्र पुढं वाकली, हात जोडले, डोळ्यांना धार लागली, आणि म्हणते, "शशी, यंदा किती गोड ऊन पडलं रे दीक्षाभूमीवर!"

मी आत जाऊन नाक पुसून आलो.

हफ्त्यानं दयाराम नवीन फिल्म घेऊन आला. आईनं काठी आडवी धरली. "हात नको लावू. तिथं ऊन आहे." झालं! आता आमच्याकडं बातम्या सांगणारी बाई हळद लागलेली, क्रिकेटचा अंपायर हळद लागलेला, मुख्यमंत्रीसुद्धा नवरदेव... बघून राहिलो गुपचूप. ती नवी फिल्म कोपऱ्यात तशीच. काल हेमलता जवळ आली, अगदी हळू आवाजात म्हणते, "टेबलावर घालू का जी?"

म्हटलं, घाल.