दस्त्याची उजवी बाजू

तुम्ही विचारता ना, मी हल्ली गिऱ्हाइकाशी बोलत का नाही? ऐका. मी इथे कुवेतमध्ये फर्निचरचा पॉलिशवाला. इथल्याच रुमैथिया भागातले एक म्हातारे बाबा लायसन्सच्या कागदासकट जुनी लष्करी रायफल घेऊन आले. म्हणाले, "इराकी घुसले तेव्हा मी परदेशात अडकलो होतो. ही गाडीत लपवायला माझ्या भावाने हिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता कापला. लाकूड जोडून पूर्वीसारखा कर."

मी दस्ता निरखला आणि अक्कल पाजळली. "बाबा, लपवायला कोण एवढं मापात कापतं? टोकाला चामड्याची गादी ठोकलीय. हा आखूड हाताच्या माणसासाठी कापलाय. आणि गाल टेकून टेकून लाकूड उजव्या बाजूला गुळगुळीत झालंय, म्हणजे चालवणारा ती डाव्या खांद्याला लावायचा, डावखुरा."

बाबांनी रायफल स्वतःकडे ओढली.

"माझी मुलगी डावखुरी होती," ते म्हणाले. "इराकी इथे असताना पाव आणायला गेली ती परतलीच नाही, असं भाऊ मरेपर्यंत सांगायचा."

मी विचारलं, "लाकूड जोडू का?"

"नको."

"निदान पॉलिश?"

त्यांनी दस्त्याची उजवी बाजू तळहाताने झाकली. "इथे तिचा गाल आहे. हात लावू नकोस."