जस्ताचा पक्षी

— नाही हो, पितळ कुठलं? द्या इकडे. हे बघा, खालच्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथे कानस फिरवायची — एकदाच, हलक्या हाताने. पिवळं दिसलं तर पितळ. आणि हे? राखाडी. जस्ताचं ओतकाम. जुन्या गाड्यांची निम्मी सजावट याचीच — स्वस्तात ओतायचं, वरून क्रोम चढवायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा! म्हणून तर हे फोड आलेत. होईल का? होईल की. पण घाई चालायची नाही, आधीच सांगतो. एकेक फोड कोरायचा, दाताचा डॉक्टर कोरतो तसा, मग तांब्याचा थर, मग खड्डे डाख देऊन भरायचे, घासायचे, परत तांबं, मग निकेल, आणि अगदी शेवटी क्रोम. पितळ असतं तर जुना थर उतरवायला त्या ॲसिडच्या टाकीत टाकून मी निवांत चहा पिऊन आलो असतो. हे टाकलं तर परत येईपर्यंत संपलेलं असतं.

टाकलंय ना एकदा, म्हणून सांगतो. बसा, त्या डब्यावर बसा, पुसलाय तो. धाकट्या भावाचा तुकडा होता. आम्ही दोघंच इथे — टाक्या माझ्या, तो पॉलिशचा बफ त्याचा. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा, मी एकोणीस. माझ्याच हाताखाली वाढला म्हणा ना. वडिलांची गाडी होती, मोडकी, ती त्याने नऊ वर्षं खपून उभी केली. राहिला होता फक्त बॉनेटवरचा पक्षी — पंख पसरलेला, एवढासा. दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान घेतलं होतं त्याने, रोज म्हणायचा, ‘पक्षी बसला की निघतो, दादा.’ रोज! आणि मी तो टाकीत टाकला. धावत आला, टाकीत हातच घालत होता वेडा — मी मनगट धरलं. चिमट्याने काढला तर निकेलची नुसती सालटी, आत काही नाही. पितळ समजून टाकला, म्हटलं मी. त्याची बायको बोलली, बोलणारच. आणि हा? माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, ‘जाऊ दे, चुकतं माणसाचं.’ शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो.

चुकतं कसलं डोंबलाचं! आयुष्य गेलं माझं यात. कानस फिरवली होती मी. सकाळी, तो यायच्या आधी. राखाडी दिसलं, चांगलं दिसलं — आणि टाकला. का म्हणजे? पक्षी बसला असता तर तो गेला असता ना! पाहुण्याने जाऊ नये म्हणून लहान पोर त्याची चप्पल लपवतं की नाही, तसं. एवढा पन्नाशीचा घोडा मी! आणि गेलाच तो, बॉनेटला दोन भोकं तशीच ठेवून गेला. अकरा वर्षं झाली. फोन यायचे त्याचे, मीच उचलायचो नाही. ‘कसा आहेस, दादा’ म्हणणार तो, आणि मी काय सांगू? मग थांबले फोन. फार आठवण येते हो त्याची. हे आजवर कुणाला बोललो नाही, तुम्हाला का सांगत बसलोय कोण जाणे.

असो. तुम्हाला माझा पत्ता दिला कुणी? पाटी तर केव्हाच पडली. — कोण पॉलिशवाला? डाव्या भुवईवर खूण आहे त्याच्या? … हं. … बरा आहे ना? केस पिकले असतील. मग, काय म्हणाला? नाही, नीट सांगा, जसं म्हणाला तसं. ‘जस्ताचं काम माझ्या दादाकडेच न्या’ — दादा म्हणाला? असंच म्हणाला? बरं, पुढे? … ‘हातात घेताच धातू ओळखतो तो. उभ्या जन्मात एकदाही चुकलेला नाही.’

एकदाही नाही, म्हणाला?

म्हणजे माहीत होतं त्याला. पाठीवर हात ठेवला तेव्हाही माहीत होतं.

कसं म्हणाला हो — हसत? रागाने? … नको, नका सांगू. तुकडा ठेवा तिथे. महिन्याने या. — अहो, काही झालेलं नाही मला, निघा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना.