बाबांना काय चालत नाही

हॉस्पिटलात सगळं कम्प्युटरवर असतं, हे मला सांगूच नका रे. बाबांना परळला ॲडमिट केलं, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एकदाच सांगा काका, मग सगळ्यांना दिसतं." बाबांनी सांगितलं, पेनिसिलिन चालत नाही, अंग सुजतं. मग तेच कॅज्युअल्टीत विचारलं, तेच वॉर्डात, तेच एक्सरेला. ड्युटी बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मी वैतागले. "अहो सिस्टर, तुमच्या कम्प्युटरवर आहे ना हे?"

"असेल हो ताई, पण तो उघडेपर्यंत इंजेक्शनची वेळ टळते."

"कसलं इंजेक्शन?"

तिने हातातल्या बाटलीवरचं नाव वाचलं आणि बाटली घेऊन परत गेली. पेनिसिलिनच होतं.

त्यानंतर बाबा कोणावर विसंबले नाहीत. पलंगाजवळ कोणी आलं, की झोपेतूनच सांगायला लागायचे.

काल त्यांना नायगावला घरी आणलं. दुपारी जरा डोळा लागला होता. आईने जवळ जाऊन हळूच विचारलं, "अहो, चहा टाकू का?"

डोळे न उघडता बाबा म्हणाले, "पेनिसिलिन चालत नाही."

आई म्हणाली, "बरं, नाही घालत."