खड्डा म्हणायचं नाही!

...आणि वर मलाच विचारतात, "सुदामभाऊ, खड्डा कधी बुजवताय?" अहो, खड्डा म्हणायचं नाही! रेन गार्डन आहे ते, रेन गार्डन! तुम्हाला सांगतो, खरवईतल्या आमच्या सोसायटीचा मी चेअरमन, घर तळमजल्यावर, आणि दर पावसाळ्यात हॉलमध्ये पाणी, इतकं की भागीरथी, म्हणजे आमची ही, जून लागला की टीव्ही माळ्यावर चढवते आणि आम्ही माना वर करून बातम्या बघतो! आता माझी मुलगी अस्मिता नगररचना शिकलीय, आख्ख्या खानदानात पहिली! ती म्हणाली, "पप्पा, पावसाला कशाला शिव्या देता? सगळं आवार पेव्हर ब्लॉकनं बंद केलंत, पाणी जिरणार कुठं? तुमच्या हॉलमध्येच येणार ना!" मग काय करायचं? तर उतारावरचे ब्लॉक काढायचे, खोलगट जागा करायची, खाली दगड, वर खडी, वाळू, माती, त्यात कर्दळ नि वाळा लावायचा, गच्चीचा पाइप तिथं सोडायचा, की पाणी जमिनीत गडप! मी म्हटलं, वा! आणि ती उताराची जागा कुणाची? माझ्या पार्किंगची!

मग मीटिंग. मीटिंग कसली, नुसता मच्छीबाजार! तिसऱ्या मजल्यावरचा कल्पेश उठला, शर्टाची कॉलर ओढत, "काका, लोक खड्डे बुजवायला मोर्चे काढतात, आणि तुम्ही घरचा खड्डा खणताय?" सगळे खो खो! माझं डोकंच फिरलं, भर सभेत बोलून बसलो, "घ्या माझं पार्किंग! आणि यंदा माझ्या घरात पाणी शिरलं ना, तर हा सुदाम तो खड्डा... खड्डा म्हणायचं नाही!... ते रेन गार्डन स्वतःच्या हातानं बुजवेल आणि खुर्ची सोडेल!" पोरगी माझ्याकडे बघत होती हो. तिचं पहिलं डिझाइन, आणि बाप मागं सरणार?

झालं. खणलं, भरलं, कर्दळ फुलली, आणि पाठोपाठ बेडूक हजर! समोरच्या बनूबाई दारात, "चेअरमनसाहेब, त्यांना जरा समज द्या, माझी सिरियल ऐकू येत नाय." कुणाला समज देऊ? बेडकांना नोटीस काढू? मेंटेनन्स थकवला म्हणून?

आणि जुलैत पाऊस असा लागला, असा लागला की बाजूच्या सोसायटीत गाड्यांच्या अर्ध्या चाकांपर्यंत पाणी! मी दारात पोती लावून उभा, भागीरथी टीव्ही धरून, अस्मिता नखं खातेय... पाणी आलं, आवारातून धावत आलं, आमच्या पायरीकडे वळलं की काय वाटलं... आणि गेलं! कर्दळीत गेलं, गेलं आणि जिरलं! आमचा उंबरा कोरडा ठणठणीत! भागीरथीनं पायानं फरशी चाचपली, चाचपली, आणि पोरीला मिठीत घेऊन रडायलाच लागली. मी? मी नाही रडलो. म्हणजे... रडलो. का नाही रडायचं? माझ्या पोरीनं केलं हो हे!

तेवढ्यात कल्पेश, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, "काका, मानलं! तुमचा खड्डा एक नंबर!" अरे, खड्डा म्हणायचं नाही! "बरं काका, मेव्हणा बाजूच्या सोसायटीत असतो, त्याची गाडी आपल्याकडे लावू का? आपल्याकडे कोरडं आहे ना." आपल्याकडे! ऐकलंत? छाती अशी फुगली माझी, म्हटलं, लाव की, विचारतोस काय! तो एक आला, मागून सगळी बाजूची सोसायटी! आवार फुल्ल! आणि माझी गाडी? पार्किंग दिल्यापासून ती गेटबाहेर रस्त्यावरच. तिला आत घ्यायला गेलो, तर माझ्याच सोसायटीत मला जागा नाही!

रात्रीत रस्त्यावर तिच्या सीटपर्यंत पाणी चढलं, ते ओसरल्यावर गाडीचं दार उघडलं, तर ड्रायव्हरच्या सीटवर बेडूक. ऐटीत बसलेला! मी दार हळूच लावून घेतलं. म्हटलं, बस बाबा. पार्किंग तर तुला दिलंच आहे, आता गाडी तरी माझी कशाला?