उशिरा उठणारी फळी

लेक : थांबा बाबा, तो पिनबॉल आत्ता खेळू नका. हे तीसवर कुणी ठेवलंय?

बाबा : तीसवर काय?

लेक : फ्रेम रेट. सेकंदाला किती चित्रं दाखवायची, तो आकडा.

बाबा : तूच की! मागच्या खेपेला आलीस तेव्हा. कॉम्प्युटर तापतोय, घरघर करतोय म्हणालीस आणि काहीतरी टकटक करून गेलीस. मी कशाला हात लावतोय?

लेक : अगं बाई, हो. आणि हे व्ही-सिंकसुद्धा मीच चालू केलेलं दिसतंय. चित्र फाटू नये म्हणून. पण मग चित्रं रांगेत थांबतात. तुम्ही बटण दाबता, आणि चेंडू वर उडवणारी ती खालची फळी रांग पुढे सरकेपर्यंत ढिम्म.

बाबा : म्हणजे ब्रेक आत्ता दाबायचा आणि गाडी पुढच्या चौकात थांबायची.

लेक : अगदी तसंच. हे बंद केलं. हा आकडा वाढवला. आता सोडा चेंडू.

(बाबा खेळतात. फळ्यांचा खटखट आवाज बराच वेळ थांबत नाही.)

लेक : वा! बघा कसा लोण्यासारखा चाललाय. एकदाही सुटला नाही!

बाबा : नाही सुटला.

लेक : उगाच म्हणायचात, हाताला गंज चढला. हात कसला, मशीनच आळशी होतं... बाबा? थांबलात का?

बाबा : काही नाही. छान केलंस.

लेक : छान केलं तर चेहरा का असा उतरलाय?

बाबा : हे मशीन असंच होतं का गं? मी गाडी सोडली तेव्हाही?

लेक : असेल ना. मागच्या खेपेला मी त्याच्या आधीच आले होते. पण शाळेची बस चालवणं तुम्ही गुडघ्यापायी सोडलंत. त्याचा इथे काय संबंध?

बाबा : गुडघ्याला काय धाड भरलीय माझ्या!

लेक : मग?

बाबा : रोज संध्याकाळी बसायचो इथे. चेंडू समोर दिसायचा. मी दाबायचो आणि तो दोन फळ्यांच्या मधून खुशाल निघून जायचा. म्हटलं, संपलं. हात गेला, आता पायही जाईल. उद्या एखादं पोर गाडीपुढे आलं आणि पाय असाच उशिरा पडला तर? झोप उडाली माझी. मुख्याध्यापकांच्या टेबलावर चावी ठेवली आणि गुडघ्याचं नाव सांगितलं.

लेक : एका खेळावरून? अहो, मला एक फोन करायचा होता!

बाबा : केला होता.

लेक : कधी?

बाबा : तू बाजारात होतीस बहुतेक, मागे गलका होता. म्हटलं, हल्ली चेंडू फार सुटतो गं. तू हसलीस. म्हणालीस, वय झालं बाबा, चालायचंच.

लेक : मी... मला आठवतही नाही.

बाबा : तू सहज बोललीस. मीच ते गाठीला बांधून ठेवलं.

लेक : उद्या शाळेत जाऊ. मी बोलते त्यांच्याशी, सगळं सांगते.

बाबा : काय सांगशील? नवा माणूस लागलाय. तरणा आहे, घरी तान्हं बाळ आहे. हॉर्न जरा जास्त वाजवतो, पण मुलं रुळली त्याच्याशी. त्याच्या पोटावर पाय देऊन बसू का मी त्या सीटवर?

लेक : माझं चुकलं बाबा. फार चुकलं.

बाबा : रडू नकोस. मलाही वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? मागच्या सीटवरची ती दोन वेण्यांची. रोज उतरताना म्हणायची, काका, उद्या! शेवटच्या दिवशीही म्हणाली. आणि मी हो म्हणालो तिला.

(लेक डोळे पुसते.)

बाबा : एक काम करशील?

लेक : सांगा ना.

बाबा : ते होतं तसं तीसवर करून ठेव.

लेक : अहो, पण परत चेंडू सुटायला लागेल.

बाबा : सुटू दे. सुटला की वाटायचं, मी केलं ते बरोबर केलं.